वारसा-ट्रकातले पेरू

फारूखचा ट्रक चालत होता. या प्रकरणातली मूळ अडचण तीच होती, पण हे बऱ्याच उशिरा लक्षात आले.

ट्रक त्याच्या वडिलांनी, मुनीबमियांनी, घेतला तेव्हा फारूखचा जन्मही झाला नव्हता. तेव्हापासून तो खुलताबादहून संभाजीनगरच्या मंडीत माल वाहत होता. थंडीत पेरू, उन्हाळ्यात विटा, लग्नसराईत मांडवाचे सामान आणि निवडणुकीत ज्याची असतील त्याची माणसे. घाट उतरताना तो कुरकुरे, चढताना खोके. पण थांबत नसे. आणि जी वस्तू थांबत नाही, तिचे वय कुणी विचारत नाही.

वय विचारले ते पासिंगच्या खिडकीने. तिथल्या साहेबांनी नियम समजावून सांगितला. पंधरा वर्षांपुढची मालगाडी भंगार, पन्नास वर्षांपुढची वारसा. भंगार मोडायचे, वारसा जपायचा.

"आन् मधली पस्तीस वर्षं गाडीनं काय करायचं?" फारूखने विचारले.

"लपून राहायचं," साहेब म्हणाले.

फारूखच्या ट्रकने ही धोक्याची वर्षे पार केली असल्याने त्याचे अभिनंदन करून त्याला वरच्या मजल्यावर वारसा-वाहन कक्षात पाठवण्यात आले. कक्षाच्या प्रमुख संध्या मॅडम मनापासून काम करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी फारूखला गुलाबाचे फूल दिले आणि वारशावर ओझे लादता येत नाही, हे हळुवारपणे सांगितले. यापुढे ट्रकने फक्त उभे राहायचे होते. फारूख म्हणाला की कडुबा मामांच्या बागेत पेरू पिवळे पडायला लागलेत, आणि पेरूला वारसा कळत नाही. मॅडमनी पुष्कळ विचार केला आणि एक वाट काढली. जुन्या वाहनाला आपले जुने काम प्रात्यक्षिक म्हणून करून दाखवता येत होते.

"म्हंजे पेरू नेता येतील?"

"पेरू नेण्याचं प्रात्यक्षिक करता येईल."

"फरक काय पडला, म्याडम?"

"प्रात्यक्षिकाला प्रेक्षक लागतात."

मग मंडीतले अडते प्रेक्षक झाले. एरवी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवणाऱ्या या मंडळींना ट्रकचा मागचा फाळका पडला, की हात बाहेर काढून टाळ्या वाजवाव्या लागत. प्लास्टिकचे क्रेट त्या काळाशी विसंगत ठरल्याने बांबूच्या टोपल्या सक्तीच्या झाल्या. कडुबा म्हणाला, "टोपल्या आनू कुठून? इननारे समदे क्रेटच्या कारखान्यात लागलेत." पण त्याने आणल्या. पेरू थांबत नव्हते.

शहराला हे फार आवडले. वारसा-ट्रकातून उतरलेल्या पेरूचा भाव वाढला, आणि ज्यांच्या घरी लांबलचक जुन्या गाड्या मखमली आच्छादनाखाली झोपल्या होत्या, त्यांना आपणही काहीतरी वाहिले पाहिजे असे वाटू लागले. एका डॉक्टरांनी आजोबांच्या गाडीतून दळण आणले. गाडी दोन माणसांनी ढकलली. दळण तसे एकालाही उचलता आले असते. एका उद्योजकांच्या डिकीतून रोज एक कोबी फिरू लागला. कोबी तोच होता असे लोक म्हणत. अशा रीतीने जुन्या गाड्या कामाला लागल्या, आणि कामावर नजर ठेवण्यासाठी कक्षाला नवा नियम करावा लागला. वारसा म्हणवणाऱ्या गाडीत किमान तीन चतुर्थांश भाग मूळचे हवेत. मोजणी वजनावर करायची, कारण कार्यालयात काटा होता.

उद्योजकांची गाडी कोबीच्या आधी कधी चाललीच नसल्याने ती शंभर टक्के मूळ निघाली. फारूखच्या ट्रकाचा चेसिस, दारे आणि भोंगा एवढेच वजनात धरले गेले.

"इंजिन तुमचं नाहीच," मॅडम खिन्नपणे म्हणाल्या.

"माझंच हाय की. पहिलं फुटलं म्हनून अब्बांनी बदललं."

"फुटलेलं ते मूळ. चालू असलेलं नंतरचं."

म्हणजे ट्रक वारसा नव्हता. आणि वारसा नसलेला इतका जुना ट्रक काय असतो, हे खालच्या खिडकीने आधीच सांगितले होते. पेरूचा हंगाम संपला की त्याने भंगारात जायचे होते. फारूखला दुसरे काही चालवता येत नव्हते असे नाही. पण दुसरे काही चालवण्याचा विचार त्याने कधी केला नव्हता.

घरी त्याची आई फहमिदाबी ऐकून हसली. मुनीबमियांनी काढलेला एकही भाग भंगारवाल्याला दिला नव्हता. पहिला गिअरबॉक्स पाण्याच्या टाकीच्या झाकणावर ठेवला होता, रेडिएटर खुराड्याची जाळी झाला होता, फुटके इंजिन चिंचेखाली होते आणि ब्रेकच्या ड्रमची तिने शेगडी केली होती.

"लोगां तेरे अब्बा को पागल बोलते थे," ती म्हणाली. "अब देख, सरकार बी वइच ढूंढ रई."

तिने शेगडीसुद्धा दिली. फारूखने चांगले इंजिन उतरवून फुटके बसवले, धरणारे ब्रेक काढून न धरणारे लावले, आणि कोंबड्यांची पिसे झटकून रेडिएटर जागेवर घातला. दुसऱ्या वजनात ट्रक उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी माल वाहण्याची कायमची परवानगी दिली.

"फक्त चालत नाय आता," फारूख म्हणाला.

"ते आमच्या कक्षात येत नाही," मॅडम म्हणाल्या. पण त्यांना वाईट वाटले, म्हणून त्यांनी ट्रेलर सुचवला. ट्रेलर कोरा नवा असला तरी हरकत नव्हती. तो पेरू वाहत नव्हता, ट्रक वाहत होता.

तेव्हापासून रोज ट्रेलरवर ट्रक, ट्रकात टोपल्या आणि ट्रकच्याच सुकाणूवर फारूख अशी स्वारी घाट उतरू लागली. ही उतरंड दौलताबादच्या वेशीखालून जाईना. वेस हाही वारसाच, तिला हात लावता येत नव्हता. मग टोपल्या रिकाम्या करून खाली काढल्या, आणि पेरू मागून कडुबाच्या पुतण्याच्या पिकअपमध्ये, क्रेटमधून, येऊ लागले. मंडीच्या अलीकडे ते टोपल्यांत भरायचे, टोपल्या ट्रकात चढवायच्या, फाळका पाडायचा, टाळ्या.

"फारूखभाई, मंग पिकअपनंच न्यावं की समदं," कडुबा म्हणाला.

"पिकअपातले पेरू घेनार कोन, मामा?"

उतारावर फारूखचा पाय अजून सवयीने ब्रेकवर जातो. खाली काही नसते. ट्रेलर आपल्या मनाने थांबतो. लोक फोटो काढतात, तो भोंगा वाजवतो. ट्रक वाचला, हे तो आईला रोज सांगतो, आणि ती फरशीवर निखारे पेटवत रोज हो म्हणते.

कडुबाला मात्र हे पटले नाही. परवा त्याने टोपल्यांचा नाद सोडून पिकअप थेट मुकुंदवाडीच्या बाजारात उभी केली. तुम्ही तिथे होतात. एक पेरू उचललात, हुंगलात, गाडीकडे पाहिलेत आणि परत ठेवलात. मग कोपऱ्यावर जाऊन त्याच झाडाचा, टोपलीतला, दीडपट भावाने घेतलात, आणि घरी फोड कापताना सगळ्यांना सांगितलेत की बघा, याला जुनी चव आहे.