ओव्हाळ सर बसून बघतात

आमच्या शिरूरच्या कॉलेजात ओव्हाळ सर रोज पाट घेऊन येतात. जेवायला बसायचा साधा लाकडी पाट, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. दौंडहून एसटीनं येताना तो खताच्या पिशवीत घालून मांडीवर धरतात. एकदा कंडक्टरनं विचारलं, "सर, कुणाच्या पंगतीला निघालाय?" सर गंभीरपणे म्हणाले, "संशोधनाचं साहित्य हाय."

हे अगदी खरं आहे, आणि माझं दुखणं तेच आहे.

सर समाजशास्त्र शिकवतात, मी भूगोल. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलो. विद्यापीठाच्या वास्तुकला विभागानं घर, शाळा, वस्ती आणि शेत अशा जागांचा अभ्यास काढला, तेव्हा आमच्या कॉलेजातून दोन प्रस्ताव गेले. माझा रंगीत तक्त्यांचा, स्पायरल बाइंडिंग केलेला. सरांचा दीड पानी, हातानं लिहिलेला. जागा कोणती, तिथं कोण बसतं आणि का बसतं, एवढंच त्यात होतं. निवड सरांची झाली आणि मला त्यांचा सहायक नेमलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी डबा तसाच परत नेला.

सरांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. "आधी बसून बघू." मग पाट टाकून तास-दोन तास बसतात. एका शाळेत मागच्या कोपऱ्यातली पोरं ढ म्हणून प्रसिद्ध होती. सर त्यांच्यात जाऊन बसले आणि उठल्यावर गुरुजींना म्हणाले, "दुपारी इथनं फळा दिसतच न्हाई, नुसता चमकतोय." फळा दुसऱ्या भिंतीवर गेला आणि निम्मी पोरं आपोआप हुशार झाली. माझ्या तासालाही ते एकदा मागं बसले होते. मी विचारलं नव्हतं, तरी सांगितलंच. "सर, मागं तुमचा आवाज येत न्हाई. पोरं झोपत न्हाईत, पंखा ऐकत्यात." महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो.

लग्नाचंही असंच झालं. मुलगी बघायला गेले, ते पोहे येईपर्यंत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसले. मुलीच्या वडिलांना म्हणाले, "इथं धूर कोंडतोय. तुमच्या मंडळींना खोकला असणार." खोकला होताच. त्या घराला खिडकी मिळाली, सरांना बायको मिळाली नाही.

इथवर मी सहन केलं. पण शेतकऱ्यांच्या घरांची पाहणी सुरू झाली आणि नमुन्यात तळेगाव ढमढेऱ्याचं आमचंच घर निघालं. सर पहिल्याच दिवशी आमच्या कांदाचाळीत पाट टाकून बसले आणि नाक वर करून म्हणाले, "आबा, ह्या कोपऱ्याला वारा लागत न्हाई. माल सडतोय." माझ्या वडिलांनी तिथं हात घातला, तर कांदा मऊ. झालं! तेव्हापासून आबांच्या तोंडी एकच, "मास्तरला कळतं." मला पीएच.डी. मिळाली तेव्हा आबा म्हणाले होते, "बरं झालं. आता पंपाचं तेवढं बघ."

आबांची आणखी एक कागाळी इथंच सांगतो. मी त्यांच्यासाठी घराच्या पूर्वेला पत्र्याची सावली केली, आरामखुर्ची ठेवली. पण हे रोज दुपारनंतर पश्चिमेच्या कोपऱ्यात, भर उन्हात, गुरांना पाणी पाजायच्या जुन्या दगडी डोणीवर बसणार. ती पालथी घातलेली, वर धड टेकताही येत नाही. दोन्हीकडचं तापमान मोजून मी त्यांना तक्ता दाखवला. "बरं हाय," म्हणाले, आणि पुन्हा डोणीवर. बरं, हेच आबा रविवारी मुकाट्यानं सावलीत बसतात! अहवालातल्या माझ्या प्रकरणात मी लिहून टाकलं, 'वृद्ध व्यक्ती सवयीच्या गुलाम व हट्टी असतात.'

एका बुधवारी माझी मोटारसायकल पंक्चर झाली. जीपनं आलो आणि शेतातल्या मागच्या वाटेनं घरी शिरलो. बघतो तर डोणीवर आबा, शेजारी पाटावर ओव्हाळ सर. मधे गूळ-शेंगदाणे आणि दोघं खदाखदा हसतायत. माझ्याबरोबर आबा असे कधी हसले, मला आठवेना. मला बघून दचकले. "आरं, तू कुठनं आलास?" म्हणाले आणि चोरी पकडल्यासारखे उठून आत गेले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

अहवाल छापायला जायच्या आदल्या दिवशी मी सरांचं प्रकरण वाचायला घेतलं. चुका काढायला, दुसरं काय. शेवटी आमच्या घराचा नकाशा होता, सरांनी हातानं काढलेला. डोणीपासून एक तुटक रेघ निघाली होती. ती शेजाऱ्याची भिंत आणि आमचा ऊस यांच्यामधल्या फटीतून थेट रस्त्याला भिडत होती. खाली लिहिलं होतं, 'इथून फाट्यावरचं वळण दिसतं. घरात दुसऱ्या कुठल्याच जागेवरून दिसत नाही. वापर: कॉलेजच्या दिवशी, मुलाची गाडी वळेपर्यंत.'

मी ते तीनदा वाचलं. रोज मी घरी पोचतो तेव्हा आबा टीव्हीसमोर असतात आणि मान न वळवता विचारतात, "आलास व्हय?"

मी तडक सरांकडे गेलो. "मला सांगितलं का नाही?"

"आबांनी बजावलं व्हतं. गाडी वळली की म्हणायचे, चला मास्तर, पोरानं बघितलं तर डोक्यावर बसंल." सर ओशाळले. "म्हणून नुसतं अहवालात लिहिलं. म्हटलं, माझं लिहिलेलं तुम्ही कशाला वाचताय."

सर पाटाचा टवका उडालेला कोपरा बोटानं चाचपत म्हणाले,

"सर, आई गेल्यापासून मी किती ठिकाणी बसलो. रेल्वे कॉलनीत बसलो, शेतात, शाळांत. लोक कुठं आन् कशाला बसत्यात, सगळं लिहून काढलं. माझ्यासाठी कुणी बसलंय, अशी जागा काय सापडली न्हाई. त्या डोणीपाशी मला तुमचा लय हेवा वाटला."

माझा! इतकी वर्षं मी यांच्यावर जळतोय, आणि हे माझ्यावर. माझ्या प्रकरणातलं ते हट्टी वृद्धांचं वाक्य मी त्याच दिवशी खोडलं.

संध्याकाळी जेवताना आबांना सहज म्हणाल्यासारखं म्हणालो, "ओव्हाळ सरांना घरी कोणी नाही." आबा भाकरी मोडत राहिले. निजायला जाताना मात्र म्हणाले, "मास्तरला रविवारी जेवायला बोलीव."

रविवारी सकाळी बाहेर आलो, तर आबा डोणीवर. रविवार असून!

"आबा, मी घरातच आहे."

"तुझी कोण वाट बघतंय?" वळणावरची नजर न काढता आबा म्हणाले. "मास्तर यायचाय."

मला पुन्हा जळायला हवं होतं, आणि थोडा जळलोही. मग आतून एक पाट आणला आणि आबांच्या शेजारी टाकून बसलो. वळणावर अजून कोणी नव्हतं.