लोणच्याची बरणी आणि दोन पंच

आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहणारे मोघेजी लोणच्याची बरणी दोन साक्षीदारांशिवाय उघडत नाहीत. रोज दुपारी बारा वाजता जिन्यातून हाक येते, "पंच हो, या." मी आणि माझी बायको सुनंदा वर जातो. झाकणावर कागदी पट्टी, पट्टीवर आमच्या कालच्या सह्या. "शाबूत आहे? नीट बघा." आम्ही नीट बघतो. मग मोघेजी पट्टी फाडतात, तीन फोडी काढतात, एकेक आम्हाला देतात, नवी पट्टी लावतात आणि वहीत सह्या घेतात.

मोघेजी पोलिसांच्या प्रयोगशाळेत लोकांचे संगणक आणि फोन तपासायचे. नोकरी सुटली, शिस्त सुटली नाही. एकदा आमच्याकडे दूध उतू जात होतं. मी गॅसकडे धावलो, तर हे मधे उभे. "ठहरिए. आधी फोटो, मग हात." फोटो सुंदर आला. दूध गेलं.

त्यांचं दुसरं वाक्य असं: "मूळ वस्तू म्हणजे गाभाऱ्यातली मूर्ती. दुरून दर्शन. काम करायचं ते नकलेवर." सुनंदानं आजीची पाककृतींची वही वाचायला दिली, तर आधी बडा बाजारात जाऊन तिची झेरॉक्स काढून आणली आणि मूळ वही पाकिटात घालून, पाकिटावर सही करून परत केली.

हे सगळं मला वेडच वाटायचं. मग वंदनाचं प्रकरण झालं.

वंदना माझी मेहुणी, जवळच्या बबीना गावी शाळेत शिकवते. तिनं एका पालकाला घाणेरडी शिवी लिहून पाठवली, असं दाखवणारा एक स्क्रीनशॉट शाळेत फिरला. सोमवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर नोकरी गेली. बिचारी रडत आमच्याकडे आली. मी घरातला कर्ता पुरुष. म्हटलं, "आण तो फोन. सगळं पुसून साफ करतो, म्हणजे कटकट मिटली." बोट बटणावर होतं.

"हाथ मत लगाओ, भैया," दारातून आवाज आला. मोघेजी घाबरले की हिंदीत जातात. "तुमची मेहुणी निर्दोष आहे याचा पुरावा त्याच फोनमध्ये आहे. तोच पुसायला निघालात?"

मी फोन निखाऱ्यासारखा खाली ठेवला. मोघेजींनी पडद्याचा फोटो काढला, वेळ लिहिली, फोन बंद न करता त्याचं नेटवर्क तोडलं. "चालू आहे तर चालूच राहू द्या. चार्जर आणा." फोन कोणी दिला, कोणी घेतला, किती वाजता, सगळं कागदावर. मग नक्कल. दोन दिवस ते त्या नकलेवर वाकून बसले होते. वंदना जिन्यात बसून होती. चहा नेला तर म्हणाली, "जिजाजी, मोघेकाका काही बोलले?"

रविवारी मोघेजी बोलले. "प्रत्येक निरोपाला फोन आतून एक क्रमांक देतो. इथे क्रमांक सलग आहेत. मधून काही पुसलेलं नाही. त्या दिवशी बाईंनी एवढंच लिहिलंय: 'उद्या गणिताची वही पाठवा.' शिवी कोणीतरी नंतर त्या स्क्रीनशॉटच्या चित्रात रंगवली आहे."

मुख्याध्यापकांनी अहवाल दोनदा वाचला आणि वंदनाला वर्गावर पाठवलं.

संध्याकाळी ती पेढे घेऊन आली. मोघेजींनी खोक्याला लगेच पट्टी लावली आणि मला म्हणाले, "वरून वही आणा, सह्या घ्यायच्यात."

मी वही उचलली आणि सहज चाळली. दिवाळीत आम्ही आठ दिवस ग्वाल्हेरला गेलो होतो. त्या आठ दिवसांच्या आठ ओळी होत्या, सगळ्या सारख्याच. "पंच गावाला. बरणी उघडली नाही." नवव्या दिवशी: "पंच परतले. उघडली. फोडी तीन."

खाली आलो. वही उघडी ठेवूनच सुनंदाच्या हातात दिली. तिनं वाचलं आणि म्हणाली, "मोघेजी, उद्यापासून बरणी आमच्या स्वयंपाकघरात ठेवा. जेवायलाही खालीच या."

मोघेजींनी चष्मा पुसला. "ताबा बदलतोय, वहिनीजी. पावती लागेल."

सुनंदानं लिहिलं: "मिळाले. बरणी एक, मोघेजी एक."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. "वेळ राहिली."

तिनं कागद परत घेतला आणि खाली लिहिलं, "रोज."