तात्यांच्या घरचा तापमापक

पाथर्डीकडचे भिवातात्या यंत्राचासुद्धा पाहुणचार करतात. पत्र्याच्या घरांत ऊसतोड कुटुंबांना उन्हाळा कसा बाधतो, याच्या अभ्यासासाठी मी भिंगारहून तिकडे जाते. घरोघरी तापमान नोंदवणारं यंत्र टांगायचं आणि दर आठवड्याला प्रश्न विचारायचे, एवढंच माझं काम. तात्यांनी पहिल्या दिवशी टोपी काढून यंत्राला रामराम घातला. मला पाणी विचारलं ते त्यानंतर.

सरळ उत्तर देणं तात्यांच्या पत्रिकेतच नाही. "उन्हाचा त्रास होतो का?" विचारलं की म्हणणार, "ऊन आपल्या जागी हाय, ताई. तरास तुमच्या प्रश्नांचा हुतो." मी कपाळावर हात मारला की वर म्हणायचे, "लिवा, लिवा. तात्या बरा हाय."

एप्रिलमध्ये सगळ्या घरांचे आकडे चढले. तात्यांचं घर मात्र महाबळेश्वरात असावं तसं गार! अभ्यासाच्या साहेबांनी मला फोनवर फैलावर घेतलं. तणतणत गेले, तर यंत्र बाहेर लिंबाखाली, रांजणाशेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं.

"तात्या, हे काय?"

"पावना हाय. त्याला भट्टीत कसं बशिवनार?"

हसू आलं, रागही आला. असंच चाललं तर घर यादीतून जाईल, यादीतल्या घरांना मिळणारा, ऊन परतवणारा पांढरा रंग छपराला लागणार नाही, असं मी दरडावलं आणि खिळा घेऊन आत शिरले. आत एक रिकामी खाट होती. तिच्यावरच्या वाशात खिळा ठोकणार, तोच तात्यांनी माझा हात धरला.

"तितं नगं, ताई. गेल्या वैशाखात आमच्या हिला ताप भरला. 'भायेर लिंबाखाली खाट टाका' म्हनली. मी म्हनलं, आजारी मानसानं घरातच पडावं. दार लोटून कामावर गेल्तो. सांजच्याला आलो, तर संपलं हुतं."

तात्या खाटेकडे बघत राहिले. मी खिळा खाली ठेवला.

"तुमचं यंत्र खरं बोलतं. मी तिला कितीत ठिवली हुती, ते मला आकड्यात नगं कळाया."

मी यंत्र पिशवीत घातलं. यादीतून त्यांचं घर मीच काढलं. शेजारच्या घराचंही छप्पर पत्र्याचंच, आणि तिथला दुपारचा आकडा माझ्या हातातल्या वहीत होता. तात्यांनी तो विचारला नाही. मी वही मिटली.