जबाबाची तिसरी प्रत

मला फसवणारा कागद अजून छापला गेलेला नाही! ही बढाई नाही बरं का, नगरपालिकेच्या पडताळणी टेबलावरची माझी सव्वीस वर्षं बोलतायत. दाखला जन्माचा असो, मृत्यूचा असो, मी तो आधी वाचत नाही, हुंगतो! एकदा एक म्हातारेबुवा समोर उभे राहून म्हणाले, "साहेब, मी हयात आहे." मी म्हटलं, "तसं सगळेच म्हणतात. कागद दाखवा!"

कार्यालयात माझ्या पाठीमागे मला 'भिंग' म्हणतात. म्हणेनात का! आमची ही तर तोंडावर म्हणते, "अहो, तुम्ही आरशात बघितलंत तरी समोरच्याकडे ओळखपत्र मागाल!"

तर झालं असं, की आमच्याकडे अधीक्षकाची जागा रिकामी झाली. अधीक्षकाला स्वतःची खोली असते, आणि त्या खोलीला दार असतं! माझं टेबल जिन्याच्या तोंडाशी. सव्वीस वर्षं वर जाणाऱ्या प्रत्येकाने माझ्या खुर्चीला धक्का दिलाय. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. निदान शेवटची दोन वर्षं धक्क्याशिवाय बसावं, एवढीच माझी इच्छा. सेवाज्येष्ठतेत मी पहिला. अट एकच: तीन दिवसांचं प्रशिक्षण, शेवटी परीक्षा आणि पास झाल्याचं प्रमाणपत्र. सोमवारी अर्ज बंद होणार होते.

माझ्या मागे दुसऱ्या क्रमांकावर पाणी विभागाचा लिपिक होता. त्याला आम्ही 'होसाहेब' म्हणतो, कारण तो कोणालाच नाही म्हणत नाही. असल्या माणसाची काय भीती बाळगायची!

पहिल्या दिवशी प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि माझ्या नाकाने धोक्याची घंटा वाजवली. पंखे चालू होते. सगळे! माईक खरखरत नव्हता. दहाचा कार्यक्रम दहाला सुरू झाला! प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "शंका असतील तर विचारा." एकाने विचारली, तर बाईंनी चक्क उत्तर दिलं! अकराला चहा आला, तोही गरम.

मी होसाहेबाच्या कानाला लागलो. "हे प्रशिक्षण सरकारी नाही, असं वाटतं ना हो तुम्हाला?"

"हो, वाटतं," तो म्हणाला.

"पाणी कुठेतरी मुरतंय!"

"हो साहेब, मुरतंय."

दुसऱ्या दिवशी बाईंचा विषय होता, 'नागरिकांवर विश्वास ठेवा'. संपलं! माझी खात्रीच पटली. असं खरे सरकारी लोक शिकवतील का? मधल्या सुट्टीत मी खिशातून आमच्या कार्यालयाचा आदेश काढला. त्याच आदेशावर आम्ही चौदा जण इथे आलो होतो. शिक्का तिरका. जावक क्रमांक हाताने लिहिलेला. आणि सही! वर छापलेलं 'मुख्याधिकारी करिता', आणि त्याच्यावर झुरळ शाईत पडून पळून गेल्यासारखी एक रेघ. आमच्या साहेबांच्या हाताखालची एकूण एक सही मी ओळखतो. ही त्यातली नव्हती!

संध्याकाळपर्यंत मी तेराही जणांना आदेश दाखवला. चहावाल्यालाही दाखवला. तो म्हणाला, "सही करणाऱ्याला बहुतेक घाई असावी." मी त्याचंही नाव टिपून ठेवलं.

घरी हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "पेपर लिहा नि या घरी. खोटी असली परीक्षा तर असू दे. खरी असली तर?"

बायकांना ना, पुराव्याचं महत्त्वच कळत नाही!

तिसऱ्या दिवशी अकराला प्रश्नपत्रिका वाटल्या. वेळ एक तास. मी उभा राहिलो. "कोणीही लिहू नका! ही परीक्षा बोगस आहे!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "आपण बसता का?"

"बसणार नाही! आधी तुमचं ओळखपत्र!"

त्यांनी दाखवलं. मी ते उजेडात धरलं, नखाने खरवडलं. खरं निघालं. म्हणजे टोळी मोठी होती! मी दाराला आतून कडी घातली, दाराला पाठ लावून उभा राहिलो आणि थेट मुख्याधिकारी साहेबांना फोन लावला. "साहेब, टोळी पकडलीय! बनावट आदेश, बनावट सही! लगेच या!"

पंधरा मिनिटांत साहेब आले. बगलेत जावक नोंदवही. मी कडी काढली आणि त्यांच्या हातात आदेश ठेवला. साहेबांनी आदेश बघितला, वही उघडली, त्या तारखेवर बोट ठेवलं, मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, कौतुकाने शब्द सुचत नाहीत.

"सही बनावट आहे, याची खात्री आहे?"

"नोकरी पणाला लावतो, साहेब!"

"मग लेखी द्या. तीन प्रतींत. हाताने लिहून."

सरकारी कामात तीन प्रतींशिवाय खरं काही ठरतच नाही. मी मांडी ठोकून बसलो. 'सदर सही बनावट असल्याचे मी सव्वीस वर्षांच्या अनुभवावरून प्रमाणित करतो.' दीड पान झालं. पहिल्या प्रतीखाली मी अशी टपोरी सही केली, की फ्रेम करून लावावी. दुसऱ्या प्रतीपर्यंत मनगट दुखायला लागलं, सही जरा आडवी झाली. तिसऱ्या प्रतीला हात पार भरून आला होता. मी आपली सर्रकन एक रेघ ओढली आणि प्रती साहेबांपुढे सरकवल्या.

साहेबांनी पहिल्या दोन बाजूला ठेवल्या. तिसरी उचलली आणि आदेशाच्या शेजारी ठेवली.

मी बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तेच झुरळ. तीच शाई. त्याच दिशेला पळालेलं!

"त्या दिवशी मी बैठकीला गेलो होतो," साहेब म्हणाले. "टपालावर माझ्या करिता सह्या कोणी केल्या, भाऊसाहेब?"

आठवलं हो! एकशे चाळीस कागदांचा गठ्ठा होता. मी फोनवर हिच्याशी गॅसच्या शेगडीवरून वाद घालत होतो आणि हात आपला चालू होता. अख्ख्या जगाचे कागद मी हुंगले, पण स्वतः सही केलेला एकही कधी वाचला नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "वेळ संपली. पेपर द्या."

मागे वळून बघतो तर काय! तेराच्या तेरा जण पेपर देत होते! मी जबाब खरडत होतो, तेव्हा ही मंडळी उत्तरं लिहीत होती.

"अहो होसाहेब, लिहायचं नाही असं आपलं ठरलं होतं ना?"

"हो साहेब, तुम्ही म्हणालात, मी हो म्हटलं. मग बाई म्हणाल्या लिहा, त्यांनाही हो म्हटलं."

बाईंनी माझी कोरी उत्तरपत्रिका हातात घेतली. "पुढची परीक्षा वर्षभराने," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि त्यांच्यावर संशय घ्यायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

घरी येऊन हिला सगळं खरं खरं सांगितलं. मला वाटलं, आता काखेत कळसा ऐकावं लागणार. पण ही नुसती उठली आणि आरसा पुसायला लागली.

सोमवारी होसाहेबाचं प्रमाणपत्र पडताळणीसाठी माझ्याच टेबलावर आलं. मी ते हुंगलं, उजेडात धरलं, शिक्का मोजला. सोन्यासारखं अस्सल होतं, मेलं! 'पडताळले, बरोबर आहे' असं लिहिलं आणि जड हाताने सही केली.

आठवड्याने तो अधीक्षक झाला. दार लावून बसायला लागला. परवा त्या दारातून माझ्याकडे पहिला कागद परत आला. माझाच रजेचा अर्ज होता. समासात अक्षर होसाहेबाचं:

'अर्जदाराची सही जुळत नाही. ओळखपत्राची प्रत जोडावी. तीन प्रतींत.'