सुकरीमावशीचे ऐंशी टक्के

जव्हारला विजेची गाडी घेऊन आलात आणि ती चार्ज करायची वेळ आली, तर आधी तुमच्या हातात एक हंडा दिला जाईल. दचकू नका, मुकाट्याने घ्या. हंडा जर्मनचा असेल, दोन-चार ठिकाणी पोचे पडलेला असेल. तो चार्जरपासून सुरू होणाऱ्या हंड्यांच्या रांगेत शेवटी नेऊन ठेवायचा, गाडी समोरच्या चिंचेखाली लावायची आणि चहा सांगायचा. तुमचा हंडा पहिला आला की तुमचा नंबर. मध्ये घुसायचा प्रयत्न केलात तर पुढचं सुकरीमावशी बघून घेईल, आणि ते बघण्यासारखं असतं.

मावशी त्या चार्जरची कोणी नाही. तिला ना पगार, ना टोपी, ना शिट्टी. तिच्याकडे गाडी तर सोडाच, सायकलही नाही. नाशिककडे जाणाऱ्या रस्त्याला एका पेट्रोल पंपाच्या कडेला कंपनीने ते यंत्र उभं केलं, त्याला दोनेक वर्षं झाली. पुढच्याच आठवड्यात मावशीने एसटी स्टँडजवळची आपली चांगली चालणारी चहाची टपरी उचलली आणि इथे आणून मांडली. तेव्हा इथे गिऱ्हाईक म्हणजे मी आणि एक लंगडा कुत्रा. लोक म्हणाले, म्हातारी चळली. सहा महिन्यांनी गाड्या वाढल्या तेव्हा तेच लोक म्हणाले, म्हातारी हुशार. लोकांचं काय, त्यांना दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

मी राहतो जव्हारला आणि इतिहास शिकवतो मोखाड्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात. पर्यावरणावर व्याख्यान देता देता एके दिवशी मला स्वतःचंच बोलणं पटलं आणि मी विजेची गाडी घेतली. घेतल्यावर लक्षात आलं की आपण दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो आणि घरमालक खिडकीतून वायर खाली सोडू देत नाहीत. बायको म्हणाली, "घोडा घेतला असतात तर निदान तो चरून तरी आला असता." तेव्हापासून मी मावशीच्या रांगेतला कायमचा हंडेकरी आहे.

मावशी मूळ मोखाड्याजवळच्या पोशेऱ्याची. उन्हाळ्यात तिथे विहिरीचा तळ उघडा पडतो, मग थेंब-थेंब झिरपेल तेवढं पाणी वाटून घ्यायचं. बायका दिवसभर उभ्या कशा राहणार? त्या कामाला जातात, रांगेत हंडे उभे राहतात. हंडा ठेवला की शब्द दिल्यासारखं. दुसरीचा हंडा पुढे सरकवायचा, पण ओलांडायचा नाही. आपला भरला की लगेच बाजूला व्हायचं. दोन जिवांची असेल तिला आधी. हे नियम कोणी लिहिलेले नाहीत, म्हणूनच ते पाळले जातात. मावशीने ते जसेच्या तसे उचलून चार्जरला लावले.

कंपनीचेही नियम होतेच. वापरकर्त्यांनी एकमेकांशी सौजन्याने वागावे, अशा अर्थाचा एक मोठा पत्रा इंग्रजीत रंगवून लावला होता. एका वादळात तो निसटला. मावशीने उचलून शेगडीला वाऱ्याच्या बाजूने आडोसा केला. कंपनीचा माणूस तपासणीला आला तेव्हा सौजन्य धुराने काळं झालं होतं. तो रागावणार एवढ्यात मावशीने त्याच्या हातात हंडा दिला.

तिची चौकशी ठरलेली. गाडी थांबली की काचेपाशी येऊन ती विचारते, "किती टक्के हाय?" मग, "कुठं जायचा?" आणि मग तिचा तो प्रसिद्ध प्रश्न, "तहान हाय का हौस?" साहेब असो की साहेबाचा बाप, मावशीच्या बोलीत सगळे 'तू'. एकदा मी शनिवारी पंचावन्न टक्क्यांवर गेलो. म्हटलं, रविवारी गर्दी असते, आजच भरून ठेवू.

"मोखाड्याला जायला किती लागतं?"

"जाऊन-येऊन वीस टक्के."

"मंग ही हौस झाली, मास्तर. जा घरी. मागं ती डाक्टरीन बघ, बारा टक्क्यांवर हाय, तिला तहान हाय."

गेलो घरी. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि मावशीला आवडतं म्हणून आंब्याचं लोणचं पाठवून दिलं. माझ्याच हातून.

मात्र खरा नियम ऐंशी टक्क्यांचा. मावशीला लिहिता-वाचता येत नाही, पण पडद्यावरचे आकडे ओळखते. पहिले काही दिवस ती यंत्रासमोर नुसती बसून होती, आणि तिने शोध लावला की ऐंशीपर्यंत आकडे भरभर पळतात, पुढे ढिम्म हलत नाहीत. "ऐंशीपरयंत पोर धावतं," ती सांगते, "मंग त्याचा म्हातारा होतो. त्या म्हाताऱ्यासाठी मागच्यांनी का बसायचा?" म्हणून ऐंशी झाले की ती चहाच्या पळीने हंड्यावर टण्णकन ठोका देते. तो वाजला की गाडीतून चार्जरची गन काढायची. एका वकिलांनी ब्याऐंशीपर्यंत कायद्याचा मुद्दा मांडून पाहिला. मावशी ठोके देत राहिली. चौऱ्याऐंशीला वकिलांनी दोन्ही हात कानांवर ठेवले आणि कानांवर हात ठेवून गन काढता येत नाही हे लक्षात आल्यावर खटला सोडून दिला.

मुंबईच्या एका गृहस्थांची गोष्ट तर आता गावात सांगतात. पांढरी भलीमोठी गाडी, नवीकोरी. गन लावली आणि सगळं कुटुंब दुसऱ्या कुणाच्या जीपमधून दाभोशाचा धबधबा बघायला निघून गेलं. ऐंशी झाले, शंभर झाले, गाडी तशीच. गाडीला कुलूप, गन अडकलेली, मागे सहा गाड्या ताटकळत. मावशी चिडली नाही. तिने सहाही हंडे शांतपणे उचलले आणि त्या चकचकीत बॉनेटवर ओळीने मांडले. गृहस्थ परत आले आणि बॉनेटसमोर उभे राहिले.

"हे... हे काय आहे?"

"तुझी गाडी आमच्या रांगेत बसली," मावशी म्हणाली, "तं आमची रांग तुझ्या गाडीवर बसली."

मी हे सगळं फार कौतुकाने बघत असे. वर्गात मी त्यावर एक तासही घेतला. सामुदायिक साधनसंपत्ती, लोकपरंपरेतलं शहाणपण, वगैरे. मुलं खिडकीबाहेर बघत होती, त्यांनी पोशेऱ्याची विहीर माझ्यापेक्षा जास्त पाहिली होती.

एकच गोष्ट मला उलगडत नव्हती. रांगेत सगळ्यात पुढे, यंत्राला अगदी खेटून, एक हंडा कायम असे. इतरांपेक्षा बरा, गळ्यात लाल चिंधी बांधलेला. त्याच्या मागून आमचे हंडे सरकत, पण तो मात्र हलत नसे. मला वाटायचं, अडीनडीला आलेल्यासाठी राखलेला असेल. पण बारा टक्क्यांच्या डॉक्टरीणबाईंनाही तो मिळाला नव्हता. विचारलं की मावशी म्हणे, "पाव्हना येनार हाय."

श्रावणातल्या एका रिकाम्या दुपारी, यंत्रावर माझी एकट्याची गाडी असताना, तिने आपणहून सांगितलं. हंडा दिलीपचा. दिलीप तिचा मुलगा, एकुलता एक. ठाण्याला एका कंपनीची विजेची टॅक्सी चालवतो.

"दोन वरसं झाली, आला नाय. मी बोलली, ये रं गाडी घेऊन. तं बोलला, आये, यायला येईन, पन परत जायला चार्जिंग कुठं हाय तुमच्याकडं? मंग हा मशीन बसला. मी फोन केला, आता ये. तं बोलतो, मशीनवर रांगा असतात, चार-चार तास जातात, कंपनी वरडते." तिने पदराने शेगडीलगतचा पत्रा पुसला. "म्हनून रांग सरळ केली. आता त्याचा हंडाच पैला हाय. आता काय सांगल?"

आणि ती हसली, एखाद्याला पेचात पकडल्यावर हसतात तशी.

मी घरी आलो. माझ्या टिपणवहीत 'लोकपरंपरेतलं शहाणपण' असं लिहिलेलं होतं, ते वाचून मला स्वतःचीच लाज वाटली. दीड वर्ष शिस्त, सौजन्य, न्याय म्हणून मी जे वाखाणत होतो, ती एका आईने मुलाची एकेक सबब काढून टाकायला चालवलेली खटपट होती. सबबी संपल्यावर काय होतं, हे मात्र मावशीने पाहिलेलं नव्हतं. मला त्याचीच भीती वाटत होती.

डिसेंबरातला रविवार होता. थंडीचे पर्यटक आले होते, चिंचेखाली पाच गाड्या, रांगेत पाच हंडे. लाल चिंधीच्या हंड्यामागे पहिला माझा. माझी गाडी नऊ टक्क्यांवर, त्यामुळे मी ताठ मानेने बसलो होतो. यंत्र नुकतंच मोकळं झालं होतं आणि मी गन उचलायला उठलो, तेवढ्यात हिरव्या पाटीची एक टॅक्सी रस्त्यावरच थांबली. आतून तिशीचा एक मुलगा उतरला. इंजिन बंद करावं लागत नाही अशी गाडी असूनही ती चालूच आहे असं त्याच्याकडे बघून वाटत होतं.

"आये, त्र्यंबकचं भाडं सोडलं," तो लांबूनच म्हणाला. "खाली परत चाललो. पाच मिनिटं हाय फक्त."

मावशीच्या हातातला कप तसाच राहिला. मग तिने तो ठेवला, चालत रांगेपाशी गेली, लाल चिंधीचा हंडा उचलून काखेत घेतला आणि मोकळ्या झालेल्या जागेकडे बोट दाखवलं.

"लाव."

"गरज नाय गं. नाशिकला फुल्ल केली होती. अजून चौऱ्याहत्तर टक्के हाय. आरामात जाते ठाण्याला."

"लाव म्हनते ना."

त्याने आमच्याकडे पाहिलं, ओशाळून. त्याने टॅक्सी यंत्रापाशी घेतली, मी गन उचलून त्याला दिली आणि परत बाकावर येऊन बसलो.

तिने त्याच्यासमोर नागलीची भाकर ठेवली, सुकटाची चटणी ठेवली. तो उभ्यानेच खायला लागला होता, तिने खांद्याला धरून खाली बसवला. आमच्या सगळ्यांचे डोळे पडद्यावर होते. शहात्तर. अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी. मावशीच्या हातात पळी होती. ऐंशी झाले. आम्ही सवयीने कान झाकून बसलो, आणि ठोका पडला नाही. मावशीने पळी शेगडीवर आडवी ठेवली आणि ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

एक्याऐंशी.

"ओ मावशी," रांगेतला एक पाहुणा म्हणाला, "ऐंशी झाले की! आणि चौऱ्याहत्तरवर लावली म्हणजे ही तर हौसच झाली."

मावशीने मान वळवली नाही. ती दिलीपच्या ताटाकडे बघत होती.

"तहान हाय," ती म्हणाली. इतक्या हळू आवाजात की तिला असंही बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

पाहुण्याला काय समजलं कोण जाणे, तो परत बाकावर टेकला. दिलीपने एकदा घड्याळ पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं, आणि मग खिशातला मोबाईल काढून पालथा ठेवला. ती त्याला विचारत होती, खोली कशी आहे, छपराला गळती आहे का, रात्री कोण रांधतं. तो हळूहळू उत्तरं द्यायला लागला. नव्वदला त्याने दुसरी भाकर मागितली.

शंभर टक्के व्हायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं. फार लागतो, आणि तरी त्या दिवशी कमीच लागला. पाचही हंडे जागच्या जागी होते. मध्येच कोणीतरी चहा मागितला, तशी मावशी उठायला लागली. मी तिला हाताने बस म्हणालो आणि स्वतः शेगडीपाशी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा सात माणसांचा चहा केला. साखर जास्त पडली, दूध उतू गेलं. सगळ्यांनी तो निमूटपणे प्यायला, आणि त्र्याण्णव टक्के झालेले असताना मघाशी ऐंशी मोजणाऱ्या त्याच पाहुण्याने मला आणखी एक कप करायला सांगितलं.