पाळण्याची घडी

"पाळण्याची घडी ना? चहा गार व्हायच्या आत बसवतो!" असं डिझायनरसाहेबांनी सकाळी बायकोला ऐकवलं होतं. आता दुपार झाली, चहावर साय धरली, आणि कॉम्प्युटरवर काढलेला घडीचा पाळणा काही मिटायचं नाव घेईना! दोन्ही पाय मध्येच एकमेकांवर आदळायचे. संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर हे काम फर्निचर कंपनीच्या मालकांच्या मेहुण्याकडे जाणार होतं. ज्याला साधं स्टूल धड करता येत नाही, त्या मेहुण्याकडे! नुसत्या विचारानं साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

"अहो, जरा उठा. गॅलरीतले कपडे बघा वाळले का. तेवढंच डोकं शांत होईल," बायको म्हणाली.

"माझं डोकं शांतच आहे!" साहेब असे ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"दिसतंय ते. उठा!"

"इथे काम हातचं चाललंय आणि तुला कपडे सुचतायत?"

बायकोनं सरळ कॉम्प्युटर बंद केला.

साहेब पाय आपटत गॅलरीत गेले. कपडे ओलेच! त्यांनी ते बादलीत कोंबले आणि कपडे वाळत घालायच्या स्टँडला सणसणीत लाथ घातली. स्टँड फाटकन मिटला आणि साहेबांची बाही आत अडकली.

"सोड मेल्या!" त्यांनी ओढलं, हिसडलं, आणि हाताला काहीतरी जाणवलं. स्टँडचा एक पाय दुसऱ्यापेक्षा अरुंद होता. तो अलगद दुसऱ्याच्या आत जाऊन बसला होता! आणि आपण सकाळपासून दोन्ही पाय एकाच मापाचे काढतोय! साहेबांना आता स्वतःचाच भयंकर राग आला.

बाही सोडवायला वेळ कुठला? ते स्टँडसकट ऑफिसकडे धावत सुटले.

"केवढ्याला घेतलात?" वॉचमननं विचारलं.

"फुकट! हात अडकवा, मिळतो!"

ऑफिसात मालकांनी जोर लावून स्टँड उघडला. बाही टरकन फाटली. मालकांनी तो पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. "वा! पाळण्याचे पाय अस्सेच करा. काम तुमचंच! हा नमुना राहू दे इथे, सुताराला दाखवतो."

साहेब छाती फुगवून घरी आले. "जमलं! काम आपलंच!"

बायको हसली. मग तिनं साहेबांच्या मागे पाहिलं.

"स्टँड कुठाय?"

"मालकांकडे."

तिनं बादलीकडे पाहिलं. "हात पसरा."

"दोन्ही?"

"दोन्ही!"

फाटक्या बाहीवर पहिला ओला टॉवेल पडला. साहेब दातओठ खात होते, पण हलले मात्र नाहीत. टॉवेल खाली पडला असता!