आमच्या घरची फोडणी बंद होते

आहार या विषयावर अधिकारानं बोलू शकणारा माणूस एकाहत्तर साली अख्ख्या भाईंदरात एकच होता. तो म्हणजे मी!

मुंबईच्या एका दैनिकात मी उपसंपादक. आरोग्याचं सदर लिहिणारे डॉक्टर अचानक गावी निघून गेले आणि संपादकांनी ते सदर माझ्या गळ्यात बांधलं. दुसरा कोणी असता तर इकडचं तिकडचं उतरवून मोकळा झाला असता. मी वाचलं, पडताळलं आणि मग लिहिलं. लिहिता लिहिता माझ्या ध्यानात आलं, की आपण रत्नागिरीकडची माणसं भरपूर जेवतो, पण आहार घेत नाही!

पोट म्हणजे मिठागराचं गोदाम नव्हे, ओतलं आणि दार लावलं. पोटात जे जातं तेच पुढं झोपेत, रागात आणि बुद्धीत उतरतं. म्हणून पीठ कोंड्यासकट, कडधान्य मोड आणून, भाज्या कच्च्या किंवा नुसत्या वाफवलेल्या. मासळी तूर्त नको. तेल नको, तळण नको. फोडणी तर नकोच!

"आमटीलासुद्धा नाही?" मंदानं, म्हणजे आमच्या कुटुंबानं, विचारलं.

"आमटीलासुद्धा नाही."

"अहो, मग तिला आमटी तरी कशाला म्हणायचं? आणि रविवारी काशीगावची मंडळी सुगंधाला बघायला येतायत. त्यांच्यापुढं काय ठेवू? मोड?"

"मोडच! लोकांना कळू दे कुठल्या घरात सोयरीक करतोय ते!"

सुगंधा माझी धाकटी बहीण. वडील गेल्यापासून तिचं लग्न माझ्याकडे. आधीची स्थळं पत्रिकेवरून, उंचीवरून, कशाकशावरून फिसकटलेली. हे स्थळ मात्र जमण्यासारखं होतं. काशीगावचे गोवर्धनराव मूळचे कुलाबा जिल्ह्यातले, मुलगा लवू कारखान्यात कायम. नात्यातल्या एका बारशाला सुगंधानं त्याला पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती भांडी घासताना गुणगुणायला लागली होती. याहून जास्त आमच्या घरात कोणी बोलत नाही.

तर सोमवारी सर्वांगीण आहार सुरू झाला. सकाळी सरूबाई कोळीण नेहमीप्रमाणे दारात टोपली उतरवून बसली.

"मंदे, ताजी बोयटी हाय. घे गो!"

मंदा कोशिंबिरीचा कांदा चिरत होती. डोळे पुसत ती बाहेर आली. "नको गं सरूबाई. आता काही दिवस मासळी नको. घरात फोडणीसुद्धा बंद आहे."

"आगो बाय! काय झाला?"

आता नवऱ्याचं खूळ कोळणीला कुठल्या तोंडानं सांगणार? मंदा म्हणाली, "काही विचारू नकोस," आणि आत आली.

सरूबाईनं काहीच विचारलं नाही. टोपली उचलली आणि गेली. इथपर्यंत मला नंतर कळलं. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

शनिवारी संध्याकाळी शेजारच्या खोलीतले दाजी आले. एरवी हा माणूस चाळीच्या जिन्यापासून बोलत येतो. आज गुपचूप येऊन सतरंजीवर बसला.

"सरूबाईकडून कळलं," दाजी म्हणाले.

मला वाटलं, सदराची कीर्ती कोळीवाड्यापर्यंत गेली!

"सोमवारपासूनच," मी म्हणालो.

"घरातल्यांना जड गेलं असेल."

"मंदाला फार. सुगंधा काही बोलत नाही, पण जेवत नाही धड. होईल सवय."

दाजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग उठले आणि "येतो" न म्हणताच गेले. मी मनात म्हटलं, काय माणूस भारावलाय!

रविवारी सकाळी तर रांगच लागली. चाळीतल्या विमलाबाई पातेलंभर पिठलं आणि भात घेऊन आल्या. मी सांगितलं, "आमच्यात हे चालत नाही." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. धाकू गवळी दूध ठेवून पैसे न घेता गेला. सगळे भिंतीला टेकून बसले. माझी दाढी आदल्या दिवशीची होती, पण एवढे श्रोते समोर असताना दाढी करत कोण बसतं? मी कोंड्याचं महत्त्व समजावू लागलो. लोक माना हलवत होते. विमलाबाई हळूच म्हणाल्या, "डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्यांच्या."

तेवढ्यात गोवर्धनराव आले. एकटेच! मुलगा नाही, बायका नाहीत, हातात नारळसुद्धा नाही.

"सरूबाई आमच्या गावात आली होती, तिच्याकडून समजलं," ते म्हणाले. "वाईट झालं. आता या वर्षात तुमच्या घरी कार्य होणार नाही. आमची म्हातारी तर घाई करतेय. तेव्हा राग मानू नका, चेणे गावचं एक स्थळ आलंय, ते आज बघून घेतो."

माझ्या पोटातले सगळे मोड एकदम उभे राहिले. आत भांडं पडल्याचा आवाज आला. आणि पाठोपाठ चर्रर्र! लसूण, मोहरी, हिंग! सुगंधानं तेल तापवून मटकीला अशी खमंग फोडणी दिली होती, की पार टोकाच्या खोलीत कोणीतरी शिंकलं.

दारात उभी असलेली सरूबाई किंचाळली, "फोडनी! सुतकात फोडनी! काय लाज हाय का न्हाय?"

"निदान गेलेल्या माणसाचा तरी मान ठेवा!" दाजी कडाडले.

"कोण गेलंय?" मी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"ते तुम्ही सांगायचं ना!" दाजी म्हणाले. "आम्ही आपले कालपासून नुसतेच वाईट वाटून घेतोय!"

मंदा बाहेर आली. "मेलं कोणी नाही हो! ह्यांनीच घरातली फोडणी बंद केलीय. तब्येतीसाठी."

गोवर्धनराव माझ्याकडे बघत राहिले. "हौसेनं?"

"शास्त्रानं," मी म्हणालो. मान ताठच ठेवली होती.

"सगळे जिवंत असताना?"

सतरंजीवरचे लोक असे हसले, की विमलाबाईंना पिठल्याचं पातेलं दोन्ही हातांनी धरावं लागलं. सुगंधा उसळीची बशी घेऊन आली. नजर खाली नव्हती. गोवर्धनरावांनी एक घास खाल्ला. मग दुसरा. चेण्याला जायला निघालेला माणूस मांडी घालून बसला.

"मटकी माझ्या पद्धतीची आहे," मी सांगितलं. "मोड बघा केवढे लांब!"

"मोड तुमचे, पण चव पोरीची," ते म्हणाले. "पसंत आहे. संध्याकाळी सगळ्यांना घेऊन येतो. फक्त माझी एक अट आहे."

आता हुंडा! मी मनात आकडे जुळवू लागलो.

"लग्नाच्या जेवणात तुम्ही लक्ष घालायचं नाही."

मी मोठ्या मनानं मान्य केलं. सुगंधाचं लग्न वैशाखात थाटात झालं. नीट विचार केला तर माझा सर्वांगीण आहार नसता तर ती उसळ नसती आणि उसळ नसती तर ही सोयरीक नसती. हे मी लग्नात सगळ्यांना सांगणारच होतो. पण त्याआधीच गोवर्धनराव मला हाताला धरून मांडवभर फिरवत होते आणि प्रत्येक पाहुण्याला सांगत होते, "हे नवरीचे थोरले भाऊ. त्यांच्या घरी कोणीच वारलं नव्हतं ना, तेच हे!"